फोनवर ऐकलेली अढी

बमरोलीत आमच्या सोसायटीमागे सरलाबाई राहतात. नवरा, लोटूभाऊ, इथे कापडाच्या लूमवर, यंत्रमागावर, कामाला होते. त्यांच्या हृदयात धातूची झडप बसवली तेव्हा त्या शिरपूरकडून आल्या, त्याला जेमतेम वर्ष झालं. साड्यांचे लोंबते धागे कापून घर चालवतात. हात असा, की कापडाला ओरखडा नाही.

परवा त्याच हाताने त्या लोटूभाऊंची गोळी कापत होत्या. रक्त पातळ ठेवणारी गोळी ती. कमी पडली तर झडपेवर गुठळी धरते.

"अर्धी का हो?"

"लॅबवाली पोरनी फोनवर सांगं ना! अर्धी शे, गोळी चालु राखजो. बारा दिन व्हई गयात."

मी फाइल उघडली. रक्त किती पातळ आहे त्याचा बारा दिवसांपूर्वीचा रिपोर्ट: अडीच. अगदी हवा तसा. मग उमगलं. इथल्या गुजरातीत अडीचला अढी म्हणतात. पोरगी रिपोर्ट सांगत होती आणि बाईंनी अढीची अर्धी गोळी केली.

लॅबला फोन लावला, तर "डॉक्टरांना विचारा." डॉक्टर ऑपरेशनमध्ये. मेडिकलवाला म्हणाला, नवी चिठ्ठी आणा. चुकीचं कोणीच बोलत नव्हतं. सरलाबाईंनी माझं मनगट आवळलं होतं.

"मीच मारी टाकं का व ताई त्यासले?"

शेवटी हार्टच्या ओपीडीतल्या सुवर्णा सिस्टर फोनवर आल्या. "असतील तसे आणा." आम्ही रिक्षाने पोचेतो त्यांनी डॉक्टरांना निरोप धाडला होता, लॅबचा माणूस सुई घेऊन उभा. रिपोर्ट सव्वा. हृदयाच्या सोनोग्राफीत झडप नीट हलताना दिसली, तरी डॉक्टर हसले नाहीत. पूर्ण गोळी आणि आठवडाभर रोज इंजेक्शन. सिस्टरनी फाइलवर मराठीत ठळक लिहिलं, "डोस बदलला तर फोन मीच करीन." आणि म्हणाल्या, "बाई, यांचं बोलणं अडखळलं, तोंड वाकडं झालं, तर गुठळी डोक्यात गेली समजा, तशाच निघा."

तेव्हापासून सरलाबाई लोटूभाऊंना बोलतं ठेवतात. गाव कोणतं, वार कोणता. आज मी बसले होते, तर विचारलं, "मन्हं नाव काय शे?"

लोटूभाऊ माझ्याकडे बघून नुसते खाली बघत राहिले. सरलाबाई झटकन उठल्या. त्यांनी नवऱ्याची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं.

"बोला ना हो!"

"सरला," लाजेने लाल होत ते म्हणाले. "सरला शे. ताईसनासमोर काय इचारस? आते च्या दे."

सरलाबाईंनी हनुवटी सोडली नाही. पुन्हा विचारलं.