शपथेची बुंदी

नेवाशाकडच्या लग्नात वाढायला तो असला की आम्ही पोट सांभाळून बसायचो. हातात बुंदीची बादली आणि तोंडात "माझी शपथ हाय!" नको म्हणून आडवा धरलेला हात त्याला कधी दिसलाच नाही. स्वतः इतका अवाढव्य, की वाढायला वाकला तरी धाप लागायची.

शेवटी त्यानं वजन उतरवायचं ऑपरेशन करून घेतलं. जठर लहान केलं, ते आतड्याला पुढं नेऊन जोडलं. "आता खाल्लेलं सगळं अंगी लागतच न्हाई गुरुजी," असं तो कौतुकानं सांगायचा. अंग उतरलं, दंडाची कातडी लोंबू लागली, पण बादली काही सुटली नाही.

परवाच्या लग्नात नवरीच्या बापानंच त्याला हाताला धरून बसवलं आणि भरपूर बुंदी वाढली. "लई जणांना खाऊ घातलंस. आता माझी शपथ हाय."

त्यानं मुकाट्यानं सगळी संपवली.

थोड्या वेळानं तो मांडवामागं दिसला. घामानं निथळत होता, हातपाय थरथरत होते. मी हादरलोच.

"अरे, ऑपरेशननंतर गोड चालत नाही ना तुला? मग खाल्लंस कशाला?"

"शपथ घातली हुती. मोडायची कशी?"

घाम पुसून तो उठला. मला वाटलं, घरी निघाला. मी शेवटच्या पंगतीला बसलो, तर बादली घेऊन हा समोर उभा. ओठ अजून पांढरेफटक.

"घ्या गुरुजी, माझी शपथ हाय."

मी दोन्ही हातांनी पत्रावळ झाकली. तो हसला आणि त्यानं माझ्या बोटांवरच बुंदी वाढली.