रूथीच्या अंगात काही आलं नव्हतं

दिघोरी सोडली तेव्हा माझ्या डोक्याला बायकोच्या लुगड्याची चिंधी बांधलेली होती आणि मांडीवर ढोलकी होती. रक्त ढोलकीच्या चामड्यावर गळत होतं. यष्टीचा कंडक्टर हसून म्हणाला, "काय जी, मंडईत जास्त झाली काय?" मी म्हणालो, "भंडाऱ्याचं तिकीट फाड."

हे दिघोरीत राहिलेल्यांसाठी लिहितो, आणि माझ्यासारखे जे निघाले त्यांच्यासाठीही. शाळा माझी नावापुरती. शब्द चुकला तर चुकला, गोष्ट चुकणार नाही.

दिवाळीनंतर मंडई, म्हणजे आमची जत्रा, भरते, दंडारीचं नाचगाणं उभं राहते, आणि आमच्या घरची ढोलकी वाजल्याशिवाय दंडारीतला गडी पाय उचलत नाही. बाप वाजवायचा, मग मी. त्या वर्षी मी येशूचं नाव घेतलं होतं. काहून घेतलं, ते माझं न् प्रभूचं. मी म्हणालो, दंडार वाजवतो, पण सुरुवातीचा देवाचा गण वाजवणार नाही. माझ्या मोठ्या भावाला, गणपतला, सारं गाव दादा म्हणते. त्यानं बंडीची उभारी, कडेचा दांडा, उपसली. "बापाचे हात तोडले तूनं!" म्हणाला आणि डोक्यात घातली. मी पडलो. दुसरी पाठीत बसली, तिसरी खांद्यावर. ज्यांच्यासाठी आजवर वाजवलं ते गोल करून उभे होते, एकानं दादाचा हात धरला नाही. आई दारातून ओरडली, "मरून जाईल ना रे तो!" आणि मग मला, "जाय बाबू. कोठीही राहा, जित्ता राहा." आईचं एवढंच उरलं माझ्याजवळ.

पडताना मी प्रार्थना म्हटली नाही. बोंब मारली. "प्रभू!" अशी, की तलावाच्या पाळीवरचे बगळे उडाले.

भंडाऱ्यात भाताच्या गिरणीत पोती उचलली. तिथल्या ख्रिस्ती मंडळीनं राहायला खोली दिली, बायकोच्या दुखण्यात रात्रीचे डबे दिले, हे विसरत नाही. प्रार्थनाघर बांधायला निघालं तेव्हा विटा मी वाहिल्या, पाठीवर अजून घट्टे आहेत. पण ढोलकी आत नेली तर पाळकसाहेब म्हणाले, हे देवळातलं वाद्य, इथं पेटी चालते. मी ढोलकी घरी खुंटीला टांगली. फोडली नाही.

तीच ढोलकी रूथीनं उतरवली. रूथी माझी नात, पोराची पोरगी. तिथून ती ड्रमवर गेली, कॉलेजातल्या तीन पोरांबरोबर हेवी मेटलचा बँड केला. अॅम्प काय, डबल पेडल काय, आणि गाणं म्हणजे गिरणीत गोटा गेल्यासारखं. ती घशाच्या तळातून गुरगुरते, त्याला ग्रोल म्हणतात. मी म्हणालो, "हे भजन होय का म्हशीचं वेणं?"

"आबा, खिळे ठोकले तेव्हा प्रभू अंगाई म्हणून राहिला होता का?"

आवडलं नाही ते नाहीच. अजूनही डोकं उठते. पण ढोलकी परत खुंटीला टांगली नाही.

पाळकसाहेबांचं उत्तर पक्कं होतं. देवाचा आवाज मंद असतो, किंकाळी सैतानाची. पोरं म्हणाली, जे कधी उपासनेला येत नाहीत ते आमचं ऐकायला तरी येतील. म्हणून इस्टरच्या मंडपात दुपारी एक गाणं त्यांना दिलं. एकच.

रूथी ड्रमवर बसली, तोंडापुढं माईक. तिनं तो तळाचा आवाज काढला आणि मंडळीचे पंच सायमन ताडकन उठले. तेही माझ्यासारखेच खेड्यातून आलेले, कधीकाळचे शामराव. "पोरीच्या अंगात आलं!" म्हणून ओरडले. आणि खेड्यात करतात तेच झालं. एकानं केस धरले, एकानं हात पिरगाळला, सायमन थोबाडीत मारत सुटले. "निघ! येशूच्या नावानं निघ!"

"काका, सोडा! मी आहो, रूथी!" पण माईक चालू, त्यात आवाज घोगरा करणारं मशीन लावलेलं. तिचंच बोलणं राक्षसासारखं मंडपभर घुमलं. भूतच बोललं म्हणून त्यांनी आणखी मारलं. कोणाचा तरी पाय मोठ्या ड्रममध्ये आरपार गेला. बँडच्या पोरांना बायांनी दाबून धरलं होतं. मनगटाचं हाड कटकन वाजलं, ते मी ऐकलं. आणि ती ओरडली, "प्रभू!"

तो आवाज मी ओळखला. माझाच होता, दिघोरीचा.

झांजेचं लोखंडी स्टँड हाताला लागलं. सायमनच्या खांद्यावर हाणलं, हाड मोडलं त्यांचं. दुसऱ्याच्या गुडघ्यावर हाणलं. मग कोणी जवळ आलं नाही. म्हाताऱ्याच्या अंगात आलं, असंही कोणी म्हणालं नाही.

पंचांनी ठरवलं, आजा-नातीनं सगळ्यांपुढं माफी मागावी आणि ही वाजंत्री सोडावी, नाहीतर दार बंद. मी म्हणालो, त्या दाराच्या विटा कोणी वाहिल्या ते विचारा.

गोष्ट दिघोरीत गेली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा दादाचा फोन आला.

"आता कोणं मारलं तुमाले?"

"आमच्याच लोकायनं."

"म्हंजे तिकडंही उभारी असतेच." हसला, खोकला. मग हळू आवाजात म्हणाला, "पोरीले घेऊन ये बाबू. मंडईत वाजवू दे तिले. गण आमी टाळ्यायवर म्हणून घेऊ."

हे तेव्हा म्हणाला असता तर. पण मी म्हणालो, "मंडईले येईन दादा. राहाले नाही. एकदा उठलो, आता उठत नाही."

फाटलेल्या ड्रमवर मी बकऱ्याचं चामडं चढवलं, बाप चढवायचा तसं, दोरीनं ताणून. वास येतो. रूथी नाक धरून म्हणाली, "आबा, हे तर खरं हेवी हाय." रविवारी ड्रम उचलून प्रार्थनाघरात नेला आणि पहिल्या बाकापुढं ठेवला. पाळकसाहेब म्हणाले, "आजोबा, हे बाहेर न्या." मी म्हणालो, "तुमी न्या, उचलून." कोणी उठलं नाही. सायमन झोळीत हात घालून भिंतीशी उभे होते, तेही नाही.

गाव मी सोडलं, कारण तेव्हा पाय धडधाकट होते. आता पाय थकले, ते बरं झालं. घर म्हणजे मार बसत नाही ती जागा, असं मला वाटायचं. तशी जागा ना दिघोरीत होती, ना भंडाऱ्यात. आता वाटते, मार बसूनही आपण ज्या बाकावरून उठत नाही, ते घर.

पेटी सुरू झाली. रूथीचा उजवा हात प्लास्टरमध्ये. तिनं डाव्या हातानं एकच ठोका दिला.

पेटीवाला थांबला. मग त्या ठोक्यावर त्यानं गाणं उचललं.