पाण्यावरची सवत

आमच्या ह्यांना बोलता येतं, हे मला लग्नानंतर अकरा वर्षांनी कळलं. तेही दुसऱ्याशी बोलताना ऐकून.

हे दौंडला रेल्वेत मालगाडीवर गार्ड. ड्यूटीवरून आले की हातपाय धुणार, जेवणार, पेपरात तोंड घालणार. मी दहा वाक्यं बोलावीत तेव्हा एक ‘हं’ पदरात पडायचा. पोरगं पहिल्यापासून अबोल, असं सासूबाई सांगायच्या, मीही तेच धरून चालले. सुट्टी असली की मात्र दुर्बीण गळ्यात आणि स्वारी भीमेवरच्या धरणाच्या फुगवट्यावर, पक्षी बघायला. सोबतीला रांजणगावच्या कंपनीतला ह्यांचा मित्र.

दोन हजार सालाच्या पुढचा-मागचा हिवाळा असेल. त्या भावजींनी त्यांच्या साहेबाची कयाक मागून आणली. लांबट, प्लॅस्टिकची होडी, मागंपुढं दोनच माणसं बसतील अशी. वहिनी, तुम्हीपण चला, म्हणाले. गेले. गेले म्हणजे काय, भाकरी-पिठलं बांधून घेतलं आणि काठावर बाभळीखाली बसले. हे दोघं पाण्यात.

वारा पडला होता. पाण्यावरून आवाज किती साफ येतो, हे त्यांच्या ध्यानात नसावं. हे बोलत होते. थांबतच नव्हते. चक्रवाकाची एक जोडी होती, नारिंगी रंगाची मोठी बदकं. त्यातल्या मादीचं चाललं होतं. तिचा चेहरा कसा फिकट असतो, उन्हात रंग कसा खुलतो. मध्येच हसलेसुद्धा. मग म्हणाले, “ही दोघं दिवसभर एकमेकांशी बोलत असतात बघ.”

आणि हे सांगतंय कोण! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आधी भावजींचा राग आला, मग त्या बदकाचा. मी नवी साडी नेसून चार वेळा समोरून गेले तरी ह्या माणसाला दिसत नाही, आणि हिचा रंग कुठल्या उन्हात खुलतो ते ठाऊक. सांगायला लाज वाटते, पण जळले मी तिच्यावर, सवतीवर जळावं तशी.

जेवणं झाली, भावजी सावलीत आडवे झाले. मी म्हटलं, आता मला न्या. ह्यांनी मला पुढं बसवलं, वल्हं कसं धरायचं ते दाखवलं. आता मलाही सगळं सांगतील, या आशेवर मी हात दुखेस्तोवर वल्हवलं. जोडी दिसली. हीच का ती, मी विचारलं.

“बोलू नकोस,” हे म्हणाले. “उडतील.”

मी वल्हं उचललं आणि होतं नव्हतं तेवढं बळ लावून पाण्यावर आपटलं. जोडी उडालीच, पलीकडचा अख्खा थवाही उठला.

हे भडकले. अक्कल आहे का, म्हणाले. हिमालय ओलांडून येतात ती, माहीत आहे का तुला, म्हणाले. मग थांबेचनात. पहिला चक्रवाक कसा दिसला, सिग्नलला गाडी अडकली असताना, गार्डाच्या डब्यातून. त्या डब्यात आठ-आठ तास एकटं बसून बोलायची सवय कशी मोडली. बाहेरचे पक्षी तेवढे सोबतीला असायचे, ते कसे एकेक ओळखू यायला लागले. होडी आपली आपण वाहत होती.

मी मान खाली घालून ऐकत होते. चुकले, म्हणायचं ओठावर आलं होतं. पण तसं म्हटलं असतं तर हे गप्प झाले असते, म्हणून नाही म्हटलं.