रूपालीची सही

बोईसरच्या एमआयडीसीत एका गाळ्यात गिटारचे अ‍ॅम्प्लिफायर बनतात, महिन्याला दीडशे-दोनशे. तयार झालेला प्रत्येक नग तपासायचं काम सात वर्षं रूपालीकडे होतं. वाणगावची, आयटीआय केलेली. गिटारची तार छेडून कान लावायचा, घरघर येते का ऐकायचं, मग मीटर लावून अर्थिंग बघायचं आणि चिठ्ठीवर सही करायची. तिने नापास केलेला नग गाळ्याचे मालक हर्षितशेठ निमूटपणे पुन्हा उघडायला लावत.

मार्चमध्ये एका नगाचं अर्थिंग लागेना. "स्क्रू ढिला असेल. आवळ आणि सही कर, टेम्पो उभाय," शेठ म्हणाले. तिने स्क्रू आवळला. मीटर पुन्हा लावायला दोन मिनिटं लागली असती. तिने लावला नाही.

सव्वा महिन्याने तो नग परत आला. केळव्याच्या एका हळदीत मुरब्याच्या नीलेशने गिटार धरून माइकला ओठ लावले आणि शॉक बसून तो स्टेजवरून खाली फेकला गेला. जीव वाचला, पण डावा हात लोखंडी पाइपवर आपटला. नग उघडला तर अर्थिंगची वायर आत लोंबत होती. स्क्रूखाली ती कधी नव्हतीच.

"मंडपाच्या वायरिंगचा दोष म्हणून सांगितलंय," शेठ म्हणाले. "तू गप्प राहा."

रविवारी ती मुरब्याला गेली. नीलेशच्या आईने, गोजराबाईने, पाणी दिलं. "त्याची दोन बोटं वलत नायत. गिटार रावंदे, होडीवरचं जालंपन धरवत नाय," ती म्हणाली. "तू कंपनीतली का गो?"

"नाही. ऐकलं म्हणून आले," रूपालीच्या तोंडून निघून गेलं.

सोमवारपासून एकेका नगाला ती चार-चारदा मीटर लावू लागली. काटा नीट दाखवायचा, तरी तिचा विश्वास बसेना. पेटी बंद करून पुन्हा उघडायची. दिवसाला दोन नग होईनात. पंधरा दिवसांनी शेठनी ते काम गाळ्यातल्याच मेघालीला दिलं आणि रूपालीला खोकी भरायला बसवलं.

जूनमध्ये ती पुन्हा मुरब्याला गेली. नीलेश ओट्यावर एकटाच होता. उभ्याउभ्याच तिने सगळं सांगितलं: स्क्रू, टेम्पो, सही.

त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "मंग आता मी काय करू?" त्याने विचारलं.

मग तो उठला आणि आत गेला.