काचेवरची अर्धी अक्षरं

प्रीता केळुसकरच्या हातातल्या पात्यावर सोनं दिसलं, तेव्हा जवळजवळ अर्धी काच खरवडून झाली होती.

आधी तिला वाटलं, उजेडाचा भास असेल. तिनं पातं अंगठ्यावर पुसलं. अंगठा पिवळा झाला.

अमेरिकेतल्या ॲन आर्बर या विद्यापीठाच्या गावातलं ते रिकामं दुकान ओळखीतल्या पुरुषोत्तम काकांनी चहाच्या हॉटेलासाठी घेतलं होतं. दर्शनी काचेला बाहेरून प्लायवुड ठोकलेलं, आतून काळा रंग फासलेला. तो रंग काढायचा आणि हॉटेलचं नाव छान रंगवून द्यायचं, एवढंच प्रीताचं काम.

प्रीता पाट्या रंगवते. अमेरिकेतच, पिस्कॅटवेत जन्मली, वाढली. ग्राफिक डिझाइनची चांगली नोकरी सोडून तिनं ब्रश हातात घेतला. आई अजूनही लोकांना ‘ती डिझाइनमध्ये आहे’ असंच सांगते. मधे वर्षभर ती फ्रान्सला, लियाँच्या एका म्हाताऱ्या पाटीवाल्याकडे शिकायला होती. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी तिकडे दुकानांची चढाओढ लागली, तशी अक्षरं कशी जाडजूड झाली, त्यांना सावल्या आल्या, वेलबुट्ट्या फुटल्या, आणि त्या नमुन्यांचे छापील अल्बम समुद्रापार कसे गेले, हे ती तासन्‌तास सांगू शकते. काचेवर आतल्या बाजूनं, उलटं लिहायचं. आधी सोन्याचा वर्ख, मग सावली, शेवटी रंगाचा थर, हे तर तिनं स्वतः वर्कशॉप घेऊन लोकांना शिकवलेलं. म्हणजे आतून खरवडणाऱ्याला सोनं सगळ्यात शेवटी लागणार. हे तिला ठाऊक होतं. आणि तरी तिनं बाहेरून बघितलं नव्हतं.

ती गाडीकडे धावली, हातोडा आणला आणि प्लायवुड उचकटून काढलं.

आत पी, ए, आर, एफ, यू ही अक्षरं होती आणि एमचा एक पाय. फ्रेंचमध्ये पार्फ्युमरी, अत्तराचं दुकान. कडेला चकचकीत सोनं, पोटात मंद सोनं, खाली विटकरी सावली. आरची शेपटी वेल होऊन पुढच्या अक्षराखालून गेलेली. त्यापुढे नुसती स्वच्छ काच, आणि तिच्यातून दिसणारी आतली बादली.

मग तिला आठवलं. अगदी सुरुवातीला, खालच्या कोपऱ्यात, रंगाखाली काहीतरी बारीक उमटलेलं दिसलं होतं. डाग समजून तिनं दोनदा पातं फिरवलं होतं. पाटीवाले आपलं नाव तिथंच घालतात. ती तिथंच फुटपाथवर बसली. कुणी फ्रेंच कारागीर इथवर आला होता, की इथल्याच कुणी अल्बममध्ये बघून हे काढलं होतं, हे आता कधीच कळणार नव्हतं. बादलीतला चुरा तिनं उपसून बघितला. काळ्या रंगात पिवळी कुसं, बाकी काही नाही.

काका आले तेव्हा ती उठलीही नाही.

“काका, मी हे पुसलं,” ती म्हणाली. “आय शुड हॅव चेक्ड.”

काकांनी काचेवरून, आरच्या शेपटीवर बोट फिरवलं. “किती जुनं असेल गं?”

“हंड्रेड इयर्स तरी. जास्तच.”

“अरे देवा,” ते पुटपुटले. “मीच तर सांगितलं तुला, काढून टाक म्हणून.”

“तुम्हाला माहीत नव्हतं. मला माहीत होतं.”

काकांनी विचारलं, “उरलेलं तू परत लिहू शकशील?”

“लिहीन. कुणाला फरक कळणारसुद्धा नाही. म्हणूनच नको.”

“मग माझं हॉटेल?”

“ही अर्धी काच तशीच ठेवू. रिकाम्या भागात तुमच्या हॉटेलचं नाव लिहिते. माझ्या पद्धतीनं. दोन्ही वेगळे हात आहेत, हे दिसलं पाहिजे.”

काकांनी मान डोलावली. नाराज होते की काय, तिला कळलं नाही.

उरलेल्या अक्षरांना मागून वार्निश देऊन तिनं ती पक्की केली आणि शेजारी देवनागरीत हॉटेलचं नाव, ‘चहा’, लिहिलं, साध्या निळ्या रंगात, सावली न देता.

हॉटेल आता बरं चालतं. विद्यार्थी गंमत म्हणून काउंटरवर अत्तर मागतात. काका त्यांना सगळं सांगतात, फक्त कुणी पुसलं ते सांगत नाहीत. प्रीता अधूनमधून येते, आलं घातलेला चहा घेते आणि काचेकडे पाठ होईल अशी खुर्ची बघून बसते.