चौथी सवाष्ण

माझ्या थोरल्या जाऊबाई फार गोड बोलतात. त्यांचा पहिला गोड शब्द कानावर पडला की मी सावध होते. त्या दिवशी मात्र गाफील राहिले. फोनवर म्हणाल्या, "अगं, नव्या सुनेसाठी रविवारी बोडण घालतेय. कन्नौदची सवाष्ण आजारी पडली. देवासभर फोन करून झाले, चौथी मिळेना. तुझ्यावाचून अडलंय गं."

बोडणाला चार सवाष्णी आणि एक कुमारिका लागते. परातीत अन्नपूर्णा ठेवून दूध, दही, तूप, मध, साखर सगळ्यांनी मिळून हाताने कालवायचं आणि आणखी काय हवं ते कुमारिकेला विचारायचं. त्या दिवशी ती देवी. ती मागेल ते घालायचं आणि ती पुरे म्हणेपर्यंत कुणी उठायचं नाही.

कुमारिका घरचीच असणार, हे मी धरून चालले. माझी मुलगी सात वर्षांची आहे. आम्ही नोकरीसाठी युगांडात होतो, तिथल्या अनाथाश्रमातून दीड वर्षाची असताना ती आमच्याकडे आली. कोर्टाचे खेटे घालून घालून आम्ही तिला आपली केली. देवासला परतलो तेव्हा याच जाऊबाईंनी तिला दारात ओवाळलं होतं, तिथेच मी फसले. आठवडाभर तिला मांडी घालून बसायला, नीट मागायला शिकवलं. बाग गावच्या छापील कापडाचं परकर-पोलकं शिवून घेतलं.

रविवारी पोचलो तर पाटावर शेजाऱ्यांची मुलगी.

जाऊबाईंनी मला स्वयंपाकघरात ओढलं. "राग मानू नकोस. आमची माया काही कमी नाहीये हिच्यावर. पण देवीचं काम आहे. कूळ, गोत्र काही ठाऊक नको का? शिवाय धारहून सुनेच्या माहेरची मंडळी आलीत. हिला बघून काय म्हणतील?"

शेजाऱ्यांचं गोत्र विचारलं होतं का, हे विचारायचं मला घरी गेल्यावर सुचलं. तेव्हाच तोंडावर बोलून निघायला हवं होतं. पण बाहेर बायका ताटकळल्या होत्या आणि मी भिडेला बळी पडले. मुलीला म्हटलं, "तू दाराशी उभी राहून बघ हं." मग मी परातीत हात घातला.

"आणखी काय हवं?" जाऊबाईंनी विचारलं. पाटावरच्या मुलीला मराठीचं ओ की ठो कळत नव्हतं. ती बोटांना चिकटलेलं दही बघत बसली. जाऊबाईंनी पुन्हा विचारलं. तेव्हा दारातून खणखणीत आवाज आला, "मध हवा. अजून मध घाला."

एकीनेही मान वर केली नाही. जाऊबाई पाटाकडे वाकल्या. "बोल बेटा, शहद चाहिए ना?" मुलीने मान हलवली. "देवीला मध हवा गं बाई!" म्हणत त्यांनी कौतुकाने धार धरली.

मी ताडकन उठले.

"अगं, बोडण मोडतेस!"

"मोडू दे."

मनगटापर्यंत बरबटलेले हात अंगणातल्या नळाखाली धुतले आणि मुलीला स्कूटरवर बसवलं. रस्ताभर त्या घराच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. त्या पिढ्या माझ्याही सासरच्याच, पण त्या दिवशी कुणालाच सोडलं नाही.

संध्याकाळी पुन्हा फोन. "सून रडतेय गं. अर्धवट राहिलेलं चांगलं नसतं. शुक्रवारी परत घालू, तू ये. झालं गेलं विसरून जा."

"माझी मुलगी पाटावर बसणार असेल तर येते."

जाऊबाई म्हणाल्या, "तेवढं सोडून काय वाटेल ते सांग."

मी फोन बंद केला. मुलगी शेजारीच होती, परकर अजून अंगावरच. सगळं ऐकलं होतं तिने.

"आई, तू जा ना," ती म्हणाली. "काकूचं अडलंय. मी दाराशीच उभी राहीन. या वेळी बोलणार पण नाही."

मी गेले नाही, पुढेही कधी गेले नाही. जाऊबाई बोडण मोडल्याचं खापर अजून माझ्या डोक्यावर फोडतात, ते मी खुशाल मिरवते. त्यांच्यावरचा राग मला जड जात नाही. मुलीचं ते बोलणं जातं. पाट तिला त्यांनी नाकारला, पण दाराशी उभी राहा असं मी सांगितलं होतं.