हवालदारणीची बाग

जोतीराम हवालदार पलटणीतून पेन्शनीत निघून घरी आला आणि पहिल्याच पावसाळ्यात त्यानं दारातली म्हशीची दावण उखडली. उंब्रजच्या त्या गल्लीत कुणालाच काही कळेना. त्याच्या बायकोला, अंजनाला, तर मुळीच कळेना. दावणीच्या जागी त्यानं दोरी धरून वाफे खणले, कडेनं तिरक्या विटा रोवून त्यांना चुना दिला आणि साताऱ्याच्या नर्सरीतून आणलेले गुलाब ओळीनं उभे केले. गुलाबामागं डेलिया, पुढं बुटका झेंडू.

"उंच गडी मागं, बुटका फुडं," तो म्हणाला. "म्हंजी समदी दिसत्यात."

"आन देवाला फुलं कवा काढायची?"

"काढायची न्हाईत. बघायची."

अंजना शेणी थापायला वळली. फूल देवाला, नाहीतर डोक्यात. नुसतं बघून काय हाताला लागतं, हे तिला शेणी थापता थापताही उलगडलं नाही. पण नवराच तिला अजून नीट उलगडला नव्हता. लग्न झाल्यापासून तो रजेपुरता यायचा, आणि सवय होतीय तोवर पेटी उचलायचा. आता तो रोज सकाळी चहाचा मग घेऊन पायरीवर बसायचा आणि गुलाबांकडं बघत राहायचा.

अशात पलटणीतल्या दोस्ताचा निरोप आला. कुपवाडला एका कारखान्यात वॉचमनची जागा होती, राहायला खोलीसुद्धा मिळणार होती. दिवाळी झाल्यावर कळवतो, असं जोतीरामनं सांगून पाठवलं आणि तो गुलाबाकडं बघत म्हणाला, "हितं जीव रमला तर ऱ्हातो. न्हाईतर हाय आपलं कुपवाड."

ते बोलणं अंजनाच्या डोक्यातून जाईना. रमायला त्याला दुसरं होतंच काय? शेती दीर बघत होता. म्हणजे ही झाडं जगली तर माणूस घरात राहणार.

उसाच्या घरात जन्मली, उसाच्याच घरात दिली, अशी ती बाई. पीक जगवायचं म्हणजे पाणी द्यायचं, एवढं तिच्या हाताला पक्कं ठाऊक. घरामागच्या विहिरीची मोटार चालू झाली आणि जोतीराम चावडीकडं गेला, की ती कुदळीनं पाट फोडायची आणि वाफे काठोकाठ भरायची. गुलाबाची पानं पिवळी पडली. तिनं आणखी पाणी दिलं. पानं गळायला लागली. तिनं बुडाशी मूठ मूठ युरिया टाकला. ऊस अशानं काळाभोर होतो. हे गुलाब मात्र जास्तच वाळायला लागले. पाण्यात उभं राहून झाड तहानेनं मरतंय, असलं तिनं जन्मात बघितलं नव्हतं.

शेजारची मनुबाई कुडावरून वाकून म्हणाली, "हवालदारणी, दारात ऊस झ्याक लावलायस गं! तोड कवा घेतीस?"

"तुज्या जिभंची घ्यावी आदी!" अंजना म्हणाली खरी, पण कुदळ उचलून ती आत गेली.

त्याच दुपारी जोतीरामनं पेटी माळ्यावरून काढली आणि झाडून उन्हात ठेवली. अंजना पायरीवर येऊन बसली. पायरीशेजारी खणलेल्या मुरमाचा ढीग होता. गुलाबाची उरलेली एक वाकडी काडी जोतीरामनं त्यात खोचली होती. तिथवर पाट चढत नव्हता, म्हणून अंजनानं त्या काडीला कधी थेंबही पाजला नव्हता. तिला तांबडे कोंब आले होते, वर एक कळीसुद्धा.

ती उठली. वाफ्यातला एक गुलाब धरून ओढला, तर तो हातात आला. मुळ्या काळ्या, गिळगिळीत, कुजक्या वासाच्या. उसाला सोसतं ते ह्याला सोसत नाही, एवढं तिला उमजलं आणि पुढचं काहीच उमजेना. सांगावं तर तो जाईल. न सांगावं तरी जाईल.

"आवं," ती तसाच गुलाब घेऊन त्याच्यापुढं उभी राहिली, "म्याच मारली झाडं. तुमच्या माघारी पाट सोडत हुते."

जोतीरामनं मुळ्या बघितल्या, मग तिच्याकडं बघितलं. "मला वाटलं माजंच कायतरी चुकलं."

"तुमी तर पलटणीत बाग करत हुता न्हवं?"

"बाग माळी करायचा गं. मी विटांस्नी चुना द्यायचो."

रडावं का हसावं तिला समजेना. आधी ती हसली, मग तो.

दोघांनी वाफे हातभर उंच केले, त्यात मुरूम आणि जुनं कुजकं शेणखत घातलं. सडक्या मुळ्या काढल्या. "फांदी तिरकी काप. फुटव्याचा डोळा भायेरच्या अंगाला ठिव," तो म्हणाला. "नर्सरीवाल्यानं बजावलं हुतं. मीच ध्यान दिलं न्हाई."

"आन पाणी?"

"बोट घाल मातीत. कोरडं लागलं तरच."

तिनं बोट घातलं. ओल होती.

"आन कुपवाडचं काय?" तिनं बोट मातीतच ठेवून विचारलं.

"आता फुटवा यायचा. त्यो बघाय नगं?"

"आला म्हंजी?"

"मग वाळल्या फुलांची खुडणी. मग फुडल्या साली छाटणी."

तिनं साधा सवाल केला होता, जाणार का राहणार. त्याचं उत्तर ह्यात कुठं होतं, ते तिला काही केल्या सापडेना. जोतीरामनं पुढचं झाड तिच्याकडं सरकवलं. तिनं डोळा शोधून ते तिरकं कापलं.